बर्फाखालची बारकी

बर्फात गाडी कशी चालवावी हे मला कुणी शिकवू नये! एकतीस हिवाळे मी सुवाउकीच्या रस्त्यांवर गाडी चालवली आहे, आणि सुवाउकीच्या थंडीपुढे बाकीच्या पोलंडची थंडी म्हणजे नुसती झुळूक! एकतीस वर्षांत मी कधी खड्ड्यात गेले नाही, झाडावर गेले नाही, कुणाच्या कुंपणात शिरले नाही. एकदाच काय ते जरा गडबड झाली, पण ती माझ्यामुळे झाली नाही. ती झेनोनमुळे झाली. झेनोन म्हणजे माझा नवरा.

एकोणऐंशी सालचा जानेवारी. माझी धाकटी बहीण बोझेना हिचं शनिवारी दुपारी बारा वाजता लग्न होतं, आमच्या माहेरी, सेयनीला. आमच्या घरापासून तीस किलोमीटर. तिचा लग्नाचा झगा मी शिवत होते, आणि हे आमच्या सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. मी कपड्यांच्या कारखान्यात कामाला होते आणि बाजारात तेव्हा झगाच काय, झग्याचं बटणही मिळत नव्हतं. सहा आठवडे बाहीची लेस जोडत बसले होते. शुक्रवारी रात्री शेवटचा टाका घातला. आता तो झगा बाराच्या आत सेयनीला पोचवायचा, एवढंच काम उरलं होतं.

आणि गाडी होती! कारखान्याने चांगल्या कामाबद्दल मला गाडी विकत घ्यायची परवानगी दिली होती, तेव्हा ती सहजासहजी मिळत नसे. छोटीशी मोहरीच्या रंगाची गाडी. तसल्या गाडीला सगळे 'बारकी' म्हणत. माझ्या नावावर होती, झेनोनच्या नव्हे! हे मी त्याला दिवसातून एकदा तरी सांगत असे, कारण तो दिवसातून एकदा तरी विसरत असे.

गुरुवारी संध्याकाळी तो तिच्यातून सॉसेज आणायला गेला आणि परत आला तेव्हा अंगणात जागा नव्हती. एक सोडून. दिव्याच्या खांबाखालची जागा मोकळी होती आणि तिच्यात तीन पायांचं स्टूल ठेवलेलं होतं. म्हणजे ती तेओफिलकाकांची. आमच्या अंगणातला कायदाच होता तो: ज्याने बर्फ उपसला, त्याची जागा, आणि स्टूल म्हणजे त्याची सही! तेओफिलकाका दुसऱ्या मजल्यावर राहायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, विधुर आणि हट्टी.

मी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडले, "झेनोन! ते स्टूल फेकून दे आणि लाव गाडी तिथे!"

"अगं, पण काकांनी सकाळभर उपसलंय..."

"त्यांच्या काय बापाचं अंगण आहे? फेक म्हणते ना!"

मी एवढ्या मोठ्याने बोलले की दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली आणि काकांचं डोकं बाहेर आलं. "याद्विगाबाई, माझा बाप काढायचं काम नाही!" मीही त्यांना दोन शब्द सुनावले आणि खिडकी धाडकन लावली. त्या दोन शब्दांतला एकही इथे लिहिण्यासारखा नाही.

झेनोन वर आला. बर्फ पडायला लागला होता. तो बॅटरी काखेत घेऊन आला, खिशात वायपर. बॅटरी गारठून मरू नये आणि वायपर चोरीला जाऊ नयेत म्हणून आम्ही सगळेच हिवाळ्यात या दोन गोष्टी रात्री घरात आणत असू. बॅटरी चुलीजवळ ठेवून तो म्हणाला, "शनिवारी गाडी मी चालवतो. एवढ्या बर्फात तुला जमायचं नाही."

जमायचं नाही! मला! मी म्हणाले, "तू बसने जा. सॉसेज घेऊन जा. आणि सेयनीला पोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलू नकोस!"

तो खरंच बोलला नाही. नवरे नको तेव्हा कसे आज्ञाधारक होतात बघा!

बर्फ दोन रात्री आणि एक दिवस पडत राहिला. शनिवारी पहाटेच झेनोन सॉसेजच्या माळा गळ्यात घालून बसने गेला. नऊला मी खाली उतरले. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, काखेत झग्याचा लांबलचक पांढरा खोका. अंगणात गाड्या नव्हत्याच! अकरा पांढरे उंचवटे होते, कणकेच्या गोळ्यांसारखे. पण मला काय त्याचं? माझी गाडी दिव्याच्या खांबाखाली होती, मीच तर तिथे लावायला सांगितली होती! खोका शेजारच्या उंचवट्यावर नीट ठेवला आणि फावडं मारलं.

मनात राग असला की बर्फ झपाझप निघतो, हे मी अनुभवाने सांगते. पहिलं फावडं झेनोनच्या नावाने, दुसरं तेओफिलकाकांच्या, तिसरं गाडी बनवणाऱ्याच्या! अर्ध्या तासात मोहरीचा रंग दिसायला लागला.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीचं दार उघडलं. तेओफिलकाका! अंगात जाड बंडी, पायात घरातल्या सपाता. कठड्यावर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "याद्विगाबाई... कशाला एवढा त्रास घेता?"

"मग कोण घेणार?" मी फाडकन म्हणाले. "तुम्ही येताय का?"

"नाही, नाही. तुमच्या मनात आलंय तर करा. बरं वाटतं बघून."

बरं वाटतं! म्हातारा मजा बघत होता!

"मागचं डावं चाक राहिलं हो," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"मला डोळे आहेत!"

"आणि खालून जरा हळू, धुराच्या नळकांड्याला फावडं लागेल."

मी फावडं त्यांच्या दिशेने उगारलं. ते हसले! मग आत गेले आणि सुतळीला बांधलेला थर्मास हळूहळू खाली सोडला. "गरम चहा आहे. घ्या. झालं गेलं विसरून जाऊ."

मला टोमणा समजत नाही होय? मी थर्मास सोडवला, झाकण उघडलं आणि सगळा चहा गाडीच्या गोठलेल्या कुलपावर ओतला.

"अहो, साखर घातलीय त्यात!" काका कळवळले.

"कुलपाला गोडच आवडतं!" मी म्हणाले आणि चावी फिरवली. उघडलं! आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या गाड्यांच्या चाव्या अशा होत्या की एका चावीने अर्ध्या अंगणातल्या गाड्या उघडत. आम्हाला त्याचं काही वाटत नसे, उलट चावी हरवली तर सोयच.

पुढचं झाकण उघडून बॅटरी बसवली, वायपर लावले. काका वरून डोळे विस्फारून बघत होते. "अहो, सुरूही करून देताय? आता मात्र कमाल झाली! थांबा, मी जरा बूट घालून येतो..." आणि आत गेले.

मी चोक ओढला, सुरू करायचा दांडा ओढला. खर्र... खर्र... आणि भडभडभड! सुरू झाली! आता एकदा सुरू झालेली बारकी त्या थंडीत बंद पडू देणं म्हणजे पाप. मी दाणकन दार लावलं आणि निघाले. अंगणाच्या तोंडाशी आरशात पाहिलं तर काका बाल्कनीत येऊन दोन्ही हात डोक्यावरून आडवेतिडवे हलवत होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू काहीच येत नव्हतं. मी काच खाली केली, मूठ बाहेर काढून त्यांना दाखवली आणि वेग वाढवला.

रस्ता एका गाडीपुरता खणलेला, दोन्ही बाजूंना माणूसभर भिंती. काच आतून गोठत होती. एका हाताने चाक, दुसऱ्या हाताने काच खरवडणं. पण माझं लक्ष भलतीकडेच होतं. गाडीत वास येत होता! तंबाखूचा! राखदाणी ओढली तर काठोकाठ भरलेली! झेनोनने नाताळला माझ्या आईसमोर सिगारेट सोडल्याची शपथ घेतली होती! तीस किलोमीटर मी त्या राखदाणीशी भांडत गेले. लोक म्हणतात बारकीत हीटर चालत नाही. मला तर घाम फुटला होता!

अकरा वाजून दहा मिनिटांनी सेयनी! झेनोन माहेरच्या फाटकाशी उभा. मी राखदाणीच उपटून काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

पाहुणे जमले. झेनोन पांढरा पडला. "याद्विगा... ओढली. पण फक्त बसथांब्यावर! आणि कामावर. आणि रोमानच्या घरी दोनदा. आणि तळघरात..."

"आणि माझ्या गाडीत!"

"गाडीत? गाडीत कधीच नाही! देवाशपथ!" तेवढ्यात त्याची नजर माझ्यामागे गेली. "याद्विगा, ही कुणाची गाडी?"

"कुणाची म्हणजे? माझी!"

"आपल्या गाडीच्या आरशाला तडा आहे. हिला नाही. आणि आपली गाडी तर सतरंज्या झोडायच्या दांडीजवळ आहे!"

"दांडीजवळ? मी तुला दिव्याखाली लावायला सांगितली होती!"

"काका ओरडले म्हणून मी परत काढली. दांडीजवळ त्यांची बारकी होती, आपल्याच रंगाची, ती त्यांनी दिव्याखाली घेतली. मग रिकाम्या जागी आपली ढकलायलाही त्यांनीच मदत केली."

"आणि हे मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलू नको म्हणालीस!"

मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात बोझेना दारात आली. केसांत फुलं, अंगावर परकर, त्यावर बाबांचा जाडजूड कोट.

"ताई, झगा?"

मी मागच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी. पुढचं झाकण उघडलं. बॅटरी. मला तो लांबलचक पांढरा खोका डोळ्यांसमोर दिसला. पांढऱ्या बर्फावर. सुवाउकीला!

जाऊन यायला दीड तास हवा होता, आणि एक वाजता त्याच चर्चमध्ये एक अंत्यविधी होता. फादर लग्नासाठी एक मिनिटही थांबणार नव्हते. सहा आठवड्यांची लेस!

बोझेना रडली नाही. ती आमच्या आईवर गेली आहे. ती एवढंच म्हणाली, "ताई, निदान गाडी तरी स्वतःची आणायचीस!"

मी आईचा जुना झगा ट्रंकेतून काढायला धावले. त्यात दोन बोझेना मावल्या असत्या. आम्ही टाचण्या लावत होतो. सतरा टाचण्या लावून झाल्या, बारा टोचून झाल्या, आणि बाहेर भडभडभड आवाज आला. बाराला दहा कमी होते.

फाटकात मोहरीच्या रंगाची बारकी. आरशाला तडा. माझी! दार उघडलं आणि आतून तेओफिलकाका उतरले. एका पायात बूट, एका पायात सपात, आणि दोन्ही हातांवर, लहान बाळ आणावं तसा, झगा.

"खोका खालून भिजला होता, तो तिथेच टाकला," ते धापा टाकत म्हणाले. "तुमची गाडी उकरायला वेळ लागला, नाहीतर केव्हाच आलो असतो. बॅटरी माझी, चावी माझी. चावी चालेल का याची काळजी होती. चालली!"

बोझेनाने झगा ओढूनच घेतला आणि आत पळाली. काका माझ्याकडे वळले. आता बोलणार, मला वाटलं. चोर म्हणणार. म्हणायलाच हवं होतं!

"याद्विगाबाई, अठ्ठावीस वर्षं मी रेल्वेत इशारे दिले. मी हात असे आडवे हलवले की पन्नास डब्यांची मालगाडी थांबायची. तुम्ही थांबला नाहीत!"

पाहुणे हसले. झेनोनही हसला, पण माझ्याकडे पाहून थांबला.

"पण तुम्ही माझी गाडी उकरलीत," काका हळूच म्हणाले. "बायको गेल्यापासून माझ्यासाठी कुणी फावडं हातात धरलं नव्हतं. तेवढ्यासाठी सगळं माफ!"

खरं सांगायची हीच वेळ होती. माफी मागायचीही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी माझ्या गाडीत डोकं घातलं, नाकाने दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "काका, माझ्या गाडीत सिगारेट ओढलीत?"

"तीन," काका म्हणाले. "घाबरलो होतो हो!"

लग्न बाराला लागलं. झगा सुरेख दिसत होता, लेसचा एक टाकाही हलला नव्हता. फक्त बोझेना वेदीपुढे गेली तेव्हा रेल्वेच्या प्रतीक्षागृहाचा वास तिच्याबरोबर गेला आणि फादर शपथ सांगता सांगता दोनदा शिंकले.

तेओफिलकाका पुढे अकरा वर्षं जगले. दर हिवाळ्यात त्यांची गाडी मी उकरायची आणि त्यांनी वरून थर्मास सोडायचा, असा परिपाठच पडला. माझ्या गाडीच्या आरशाला झेनोनने खूण म्हणून लाल फीत बांधली होती; पण आरसा बर्फाखाली गेला की फीतही बर्फाखालीच ना! काकांना वाटे, बाई तोंडाने फाटकी पण मनाने मोठी. मीही तसंच वाटू दिलं. आता काका नाहीत, झेनोनही नाही, तेव्हा सांगून टाकते: त्या अकरापैकी निदान चार वेळा मला ती गाडी माझीच वाटली होती.