कौल लावलेला कॉम्प्युटर

घर बांधण्याआधी, लग्न ठरवण्याआधी देवीला कौल लावणारी माणसं आमच्या पार्शे गावात पुष्कळ. कॉम्प्युटरात रॅम घालण्याआधी कौल लावणारे एकच, आमचे शेजारी बाबलकाका.

मी तेव्हा देवळातच होतो. गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बाये, ह्या तुज्या लेकराचो कॉम्प्युटर मंद जालो आसा. नवी रॅम मानवता जाल्यार उजवो दी!" मागच्या मंडळींनी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. काकांनी साष्टांग नमस्कार घातला आणि तडक म्हापशाची बस पकडली.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. रॅम म्हणजे काय हे काकांनी मला कितीदा तरी समजावलं आहे. "मास्तर, ही कामाचें मेज. मेज ल्हान, तर काम धिमें." मी मान डोलावतो आणि घरी पोचेपर्यंत विसरतो.

काका जवळच्या तुये गावातल्या कारखान्यात फिटर होते. काकी गेल्या, एकुलता मुलगा सर्वेश इंग्लंडला गेला आणि घरात त्याचा जुना कॉम्प्युटर उरला. काकांनी त्याचा एकेक भाग बदलायला घेतला. रॅम झाली, हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली, पॉवर सप्लाय नवा, प्रोसेसर कुणाचा तरी वापरलेला. बाजूचं झाकण कायमचं काढलेलं आणि समोर टेबल फॅन. वारा सगळा कॉम्प्युटरला, काका घामाघूम. आता मूळचा नुसता डबा राहिला आहे, तरी काका म्हणतात, "हो सर्वेशाचो कॉम्प्युटर." त्यातला नेमका कुठला भाग सर्वेशचा, हे मला आजवर कळलेलं नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या वेळी तर एकही पाकळी पडेना. देवी काही बोलेना, म्हणून ते यंत्र उघड्या पोटाने बाहेरच्या सोप्यावर टॉवेलाखाली पडून होतं. येणारा-जाणारा विचारायचा, "कोण आजारी?"

पण माझा खरा गोंधळ पुढेच उडाला. इतकं सगळं नवं घातलेलं यंत्र आठवडाभर सुरळीत चालायचं आणि रविवारी हटकून बंद पडायचं. "आयतार तेका सोसना," काका गंभीरपणे सांगायचे. मग सर्वेशला फोन. एरवी त्याचा "सगळें बरें मरे?" एवढाच निरोप मोबाइलवर यायचा. कॉम्प्युटर बिघडला की मात्र तो फोनच्या पडद्यावर दिसायचा आणि बराच वेळ बसून बापाला एकेक स्क्रू सांगायचा.

मी डोकं लढवलं. रविवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून घरांत वीज जास्त जोराने येत असावी. माझी ही अक्कल काकांनी लगेच उचलून धरली. मला संशय तेव्हाच यायला हवा होता.

परवाच्या रविवारी मी जरा लवकर गेलो. कॉम्प्युटर मस्त चालू होता, त्यावर भजन लागलं होतं. काका पाठमोरे. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, यंत्र बंद केलं, आत हात घातला, दोन्हीकडच्या खिट्ट्या दाबून रॅम अलगद उचकटली आणि फोन लावला.

"पुता, परत काळोख!"

सर्वेश कंटाळला होता. "बाबा, तो आतां सोडून दी. हांव नवो धाडटां. तेका हात लावचो पडचो ना."

"हातच लावचो पडचो ना?" काकांचा आवाज एकदम बारीक झाला. तेवढ्यात दारातला मी त्यांना दिसलो. मी सगळं पाहिलं आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांनी मान खाली घातली.

"कोण, मास्तर? तुमीच सांगात तांका," फोनमध्ये मागे मी दिसताच सर्वेश म्हणाला.

मला काकांचा राग आला, आणि त्याहून कितीतरी जास्त माया आली. मी फोन हातात घेतला. "नवो धाडूं नाका रे. हो अजून खूप चलतलो. फकत... फकत तूं सावकाश दाखय तांका. घाई करूं नाका." ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही, त्यावर मी इतक्या ठामपणे कधीच बोललो नव्हतो.

मग सर्वेश म्हणाला, "बरें. बाबा, रॅमीच्या दोनूय वटेन खिट्ट्यो आसात, त्यो दाब पयलीं."

काका डब्यावर वाकले. खिट्टीवर बोट ठेवूनच त्यांनी विचारलं, "खंय रे पुता? माका दिसनांत."