चव्वेचाळीसवाले धुरी

आम्ही मुलुंड पूर्वेला राहायला आलो त्या दिवशी टेम्पो अजून पुरता रिकामा झाला नव्हता, तोच एक सडसडीत गृहस्थ जिन्यात उभे राहून आमच्या गाद्या दाबून बघायला लागले. अंगात बनियन, चष्मा कपाळावर.

"कापसाच्या?"

"हो. का?" मी विचारलं. मला वाटलं, पिंजारी असतील.

"गॅसचा सिलिंडर कुठे ठेवणार?"

"स्वयंपाकघरात."

"आणि या गाद्या?"

"झोपायच्या खोलीत."

"मधे भिंत आहे ना?"

"आहे की."

"मग हरकत नाही. कापूस आणि दारूगोळा एका ठिकाणी ठेवला की काय होतं, ते चव्वेचाळीस साली बघितलंय मुंबईनं. मी धुरी. तुमच्या डोक्यावर राहतो. तिसरा मजला."

ते वर गेल्यावर सुलभा, म्हणजे माझी बायको, मला म्हणाली, "चव्वेचाळीस साली काय झालं होतं रे?"

"माहीत नाही," मी म्हटलं, "पण आता कळत राहील असं दिसतंय."

तसंच झालं. एकोणीसशे चव्वेचाळीस या एका सालाबद्दल मला आज जेवढं माहीत आहे, तेवढं माझ्या स्वतःच्या लग्नाच्या सालाबद्दल नाही. हे मी चारचौघांत बोललो आणि सुलभा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तो भाग वेगळा.

वसंत धुरी मूळचे मालवणकडचे. वय पासष्टीच्या पुढे, एका सरकारी कचेरीतून निवृत्त. लग्न केलेलं नाही. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई. आई आजारी असते, कुणाला ओळखत नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. धुरी कुणाला घरात बोलवत नसत आणि त्यांच्या दारात उभं राहण्याची हिंमत कुणी करत नसे, कारण दारात पाच मिनिटं उभं राहिलं तर साहेबाचं राज्य सुरू होई.

बाकी माणूस साधा. रस्त्यात भेटला तर आपणहून पिशवी धरणारा. पण गप्पा कुठूनही सुरू होवोत, त्या चव्वेचाळीसला जाऊन थांबायच्या. संध्याकाळी वारा फिरला आणि कांजूरच्या कचऱ्याच्या डंपिंगचा वास आला की सगळी सोसायटी फटाफट खिडक्या लावते. धुरी तेवढे गॅलरीत उभे राहून म्हणणार, "हा काय वास आहे? चव्वेचाळीस साली गोदीला आग लागली, तेव्हा धान्याची गोदामं किती दिवस जळत होती. वास म्हणजे तो!"

गोदीतला स्फोट हा त्यांचा हुकमी विषय. व्हिक्टोरिया गोदीत जहाज लागलेलं, त्यात काय काय होतं हे ते बोटांवर सांगत. "खाली दारूगोळा. त्याच्याजवळ कापसाच्या गाठी. सोन्याच्या विटा. आणि सुकी मासळी! एप्रिल महिना, वर ऊन, आत बोंबील. अरे, कुणाला अक्कल होती की नाही?" मग जरा थांबून, "सोनं गेलं त्याचं दुःख साहेबाला. मला त्या मासळीचं वाईट वाटतं."

सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा भरली तेव्हा बिल्डरचा माणूस आला होता. टाय वगैरे लावून. पडद्यावर चकचकीत टॉवर दाखवत तो म्हणाला, "समजा, तुमच्या घरात आभाळातून सोनं पडणार आहे."

मी मनात म्हटलं, वाट लागली. धुरी उभे राहिलेच.

"पडलं होतं," ते म्हणाले.

"सॉरी सर?"

"चव्वेचाळीस साली. गोदीत स्फोट झाला आणि सोन्याची वीट उडाली ती मैलभर लांब एका गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यानं काय केलं असेल?"

"काय... काय केलं?"

"परत केली. सरकारजमा. तुम्ही केली असती?"

त्या माणसानं एकदा अध्यक्षांकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. "सर, आमच्याकडे क्लबहाउस पण आहे," तो म्हणाला. सभा तिथेच संपली. पुनर्विकास अजून झालेला नाही, आणि झाला नाही याचं श्रेय धुरींचं की दोष धुरींचा यावर सोसायटीत अजून दोन तट आहेत.

पार्किंगवरून आमचे अध्यक्ष गोगटे आणि पहिल्या मजल्यावरचे शहा यांची जुंपली तेव्हा मध्यस्थ म्हणून कुणीतरी धुरींना बसवलं. दोघं आठवडाभर रोज संध्याकाळी बाकड्यावर भेटत होते. शेवटी धुरींनी निकाल दिला. "चव्वेचाळीस साली मलबार हिलवर देशातले दोन सगळ्यांत मोठे पुढारी असेच रोज भेटत होते. रोज हसून फोटो. निघालं काय? शून्य. तिथे देशाचं सुटलं नाही, तुमचं पार्किंग कुठनं सुटणार! चला, आपापल्या घरी जा." गंमत म्हणजे दोघं गेले. गाड्या आजही एकमेकींना टेकून उभ्या असतात, पण भांडण नाही.

वाण्याकडे गेले तर "तांदूळ बर्माचा आहे काय?" असं विचारायचे. वाणी बिचारा कच्छी. त्यानं पहिल्यांदा गोणी उलटी करून नाव वाचलं होतं. हल्ली तो सरळ सांगतो, "काका, बर्मावालो बंद थई गयो, लढाई चालू छे." त्यावर धुरी खूश.

एवढं सगळं झकास चाललं होतं. मग मी सोसायटीचा सचिव झालो.

त्या वर्षी इमारतीला रंग काढला. फिकट पिवळा, पट्टे चॉकलेटी. परांची उतरली, सगळे खाली उभे राहून माना वर करून बघत होते आणि गोगटे एकदम ओरडले, "ते काय आहे?"

तिसऱ्या मजल्यावर धुरींच्या खिडकीला आतून काळा कागद चिकटवलेला होता. सगळ्या तावदानांना.

"हसताना दात पडल्यासारखं दिसतंय," गोगटे म्हणाले. "सचिव, आजच्या आज काढायला सांगा. जुना माणूस आहे म्हणून ऐकून घ्यायचं, पण याला काय अर्थ आहे?"

मी संध्याकाळी हातात फाइल घेऊन वर गेलो. बेल दाबली. धुरींनी दार अर्धं उघडलं, मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"धुरी, तो खिडकीचा कागद..."

"हळू बोला," ते म्हणाले. "ब्लॅकआउट आहे."

मला हसू आलं. "यार धुरी, इतकं पण नको. लढाई संपून किती वर्षं झाली."

"आमच्याकडे नाही संपली," ते कुजबुजले. तेवढ्यात आतून आवाज आला. म्हाताऱ्या गळ्यातला, पण बोलण्याची ढब लहान मुलीची.

"कोण इलो? मुकादम इले?"

खिडकीपाशी खुर्चीत त्यांची आई बसली होती. मूठभर देह, पांढऱ्या केसांच्या दोन बाजूंना दोन वेण्या घातलेल्या, लाल रिबिनी लावून. माझ्या हातातल्या फाइलकडे बघून ती खुर्चीत सावरून बसली.

"मुकादमानू, माजे बाबा सुटले काय? अजून येवक नाय ते."

मी धुरींकडे बघितलं. त्यांनी काही खूण केली नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. 

"भेटले होते," मी म्हटलं. कुठून सुचलं कोण जाणे. "कापूस उतरवायचं काम चाललंय, वेळ लागेल म्हणाले. जेवून घे म्हणून सांगितलंय."

"तेंनी सांगितल्यानी?"

"हो. मला मुद्दाम सांगितलं."

ती धुरींकडे वळली. "ऐकलस मां? वाढ मगे."

धुरींनी ताटली आणली. पेज आणि भाजलेला सुका बोंबील, अगदी बारीक कुसकरलेला. ती शहाण्यासारखी सगळं जेवली. जेवता जेवता पेंगायला लागली. धुरींनी तोंड पुसलं, उचलून पलंगावर ठेवलं आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"तिचे वडील गोदीत होते," ते म्हणाले. "हमाली करायचे. त्या शुक्रवारी सकाळी गेले ते गेले. काही मिळालं नाही, ना माणूस, ना पागोटं. ती आठ वर्षांची होती. मशीद बंदरला खोली होती, तिथल्या पायरीवर बसून राहायची म्हणे. नंतर मोठी झाली, लग्न झालं, सगळं झालं. माझ्यापाशी या विषयावर कधी शब्द काढला नाही. आता डोक्यातलं एकेक पुसत गेलं आणि हे तेवढं उरलं. रोज संध्याकाळी विचारते."

"खरं सांगून बघितलंत?"

"सांगितलं ना! मी काय कमी शहाणा? म्हटलं, अगं आये, ते तेव्हाच गेले. अशी रडली, अशी रडली... आठ वर्षांचं पोर रडतं तशी. दुसऱ्या दिवशी विसरली. परत विचारलं. मी परत सांगितलं. तिला परत पहिल्यांदाच कळलं." ते ओट्यावरचं फडकं उगाच घडी करत होते. "तेव्हा ठरवलं, पुरे. आता कारणं सांगायची. पण ती हुशार आहे हो. खोटं लगेच पकडते. कुठलं जहाज, रेशनला काय आलं, दिवे का बंद, सगळं विचारते. मग ठाण्याच्या ग्रंथालयात जाऊन त्या सालचे जुने पेपर वाचायला लागलो. पूर्ण वर्ष वाचून काढलं. हळूहळू मलाच त्याचा नाद लागला. बाहेर पडलो तरी तोंडातून तेच येतं. लोक कंटाळतात, कळतं मला."

"नाही हो," मी म्हटलं. ते हसले.

"तुम्हाला ती कोण समजते?" मी विचारलं.

"रोज वेगळं. कधी शेजारचा तात्या, कधी दुकानदार. एकदा गोरा शिपाई समजून घाबरली होती." मग पुढची बस किती वाजता आहे हे सांगावं इतक्या सहज ते म्हणाले, "मुलगा कसा समजेल? ती आठ वर्षांची आहे. मला जन्माला यायला अजून चौदा वर्षं आहेत."

मी खाली आलो. गोगट्यांना सांगितलं की तो कागद राहील. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, मग सचिव दुसरा बघा. गोगटे वर जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी फक्त बायकोला विचारलं की चांगले सुके बोंबील कुठे मिळतात. गोगटे, बरं का!

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा-तीनदा वर जातो. मुकादमाची बढती झालेली नाही, पण मालवणी जरा सुधारली आहे. सुलभा दुपारी जाऊन वेण्या घालून येते. तिला आई 'मास्तरीणबाई' म्हणते आणि पाढे म्हणून दाखवते. एकोणतीसचा पाढा सुलभाला येत नाही, तिला येतो.

परवाची गोष्ट. मी भाजी घरात ठेवून वर गेलो तर धुरी त्यांच्या बंद दाराबाहेर जिन्यात उभे. पायात चपला.

"काय धुरी, कुणाची वाट बघताय?"

"नाही हो. घालवून दिलंय मला."

"कुणी?"

"आईनं. बऱ्या चालल्या होत्या गप्पा. मधेच विचारते, 'तुका आवस आसा?' मला, आई आहे का म्हणून! म्हटलं, 'आसा.' तर म्हणाली, 'मगे हंय कित्या बसलस? दिवेलागण झाली. घराक जा. ती वाट बघित आसतली.'"

ते हसले. मीही हसलो, आणि मग त्या हसण्याचं पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना.

"मग?"

"मग काय? चपला घातल्या नि आलो बाहेर. एवढं चांगलं सांगतेय पोर, ऐकायला नको?"

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो. चव्वेचाळीसचा विषय निघाला नाही. थोड्या वेळानं धुरींनी केसांवरून हात फिरवला, बनियनवर घातलेल्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"चला," ते म्हणाले. "फार उशीर केला तर रागवेल."

"कोण?"

"आई."

खिशातून किल्ली काढून त्यांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातूनच मोठ्यानं हाक मारली, "आये, मी इलंय गो!"

आतून काही उत्तर आलं का, ते मला ऐकू आलं नाही. दार लागलं होतं.