धोंड्याची होडी

जावयाची होडी म्हशीनं खाल्ली हे जावयाला सांगायचं कोणी, यावरून सकाळपासून ग्यानोबा आणि साखराबाईंची जुंपली होती.

"तुमचा जावई हाय, तुमीच सांगा," साखराबाई म्हणाल्या.

"आन म्हैस कुनाच्या माहेरची हाय?"

"माज्या माहेरच्या म्हशीचं दूध गोड लागतंय, तवा न्हाई काडत माहेर!"

खरं सांगायचं तर म्हशीनं अख्खी होडी खाल्ली नव्हती. बसायच्या जागेची कड तेवढी चावून चावून कुरतडली होती. धाकटे जावई हरिओमराव नांदेडला नोकरीला असताना त्यांनी ही एका माणसापुरती प्लास्टिकची पिवळी होडी जुन्यात घेतली होती. ते तिला कयाक म्हणत आणि रविवारी गोदावरीत वल्हवत. मग त्यांची बदली लातूरला झाली. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघणाऱ्या सोसायटीत माणसानं होडी घेऊन राहायला जाणं बरं दिसत नाही. शिवाय पार्किंगमध्ये जागाही नव्हती. तेव्हा होडी चाकूरजवळच्या सासुरवाडीत, ग्यानोबांच्या शेतातल्या गोठ्यात आली. "आबांकडं ठेवलेली वस्तू कधी वाया जात न्हाई," असं त्यांच्या धाकट्या लेकीनं, तनुजानं, नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं होतं.

ग्यानोबांनी सुरुवातीला होडी पोरीसारखी जपली. तिच्यावर रोज ओला फडका मारला. पण एक दिवस म्हशीची सिमेंटची गव्हाण फुटली आणि भिजवलेली पेंड ठेवायला होडीइतकं सोयीचं दुसरं काही दिसेना. नवी गव्हाण येईपर्यंतच, असं ठरलं. नवी गव्हाण काही आली नाही. पुढे सोयाबीनच्या दिवसांत होडी पोती भरून मुरुमावरून ओढण्याच्या कामी आली. तिचं बूड खरडून खरडून त्याला केसाळ लव आली. उन्हानं रंग उडाला तो वेगळाच. शेवटी आत एक कोंबडी खुडूक बसली, तेव्हा ही कोणे एके काळी होडी होती, याचा घरात सगळ्यांनाच विसर पडला.

आणि मग तनुजाचा फोन आला. "आबा, धोंड्याच्या जेवनाला आमी येतोय. शिल्पाताई आन दाजीबी येनार हायेत. हे म्हनतेत, जेवनं झाली की होडी तळ्यात टाकू. लई दिवस झाले म्हनं तिला बघून."

अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जावई म्हणजे साक्षात नारायण. नारायणाची होडी म्हशीनं खाल्ली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ग्यानोबांना स्वतःच्या इज्जतीपेक्षा तनुजाच्या शब्दाची फिकीर लागली. पोर सासरी आपल्या जिवावर मोठ्या तोंडानं बोलली होती.

"रंग देऊन टाकू," ग्यानोबा शेवटी म्हणाले. "म्हनू, धोंडा हाय म्हनून मायेनं रंगवली. रंगाखाली काय हाय ते कोन बघतंय?"

साखराबाईंना ही युक्ती पटली, हेच खरं तर धोक्याचं लक्षण होतं.

ट्रॉल्या रंगवणारा दयानंद चाकूरहून आला. होडीभोवती फेरी मारून म्हणाला, "काका, ही बी ट्रॉलीच हाय की. चाकं तेवढी न्हाईत."

"प्लास्टिकवर रंग धरंल का?"

"प्लास्टिक असू द्या न्हाईतर पोलाद. माजा रंग एकदा बसला की मालक बदलतो, रंग बदलत न्हाई."

आधी खरडकाम करायचं होतं, ते ग्यानोबांनी स्वतःकडे घेतलं. पोळ्याला बैलाची शिंगं काचेच्या तुकड्यानं साळतात, तशी त्यांनी होडी साळायला घेतली. ट्रॅक्टर आल्यावर बैल विकले, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर शिंगं साळायचा योग काही आला नव्हता. होडीची दोन्ही टोकं हातात आल्यावर म्हातारा असा रंगून गेला की जेवायची शुद्ध राहिली नाही. मऊ लव सालपटासारखी निघत होती आणि ग्यानोबा "हो, हो, थांब राजा" असं तिला चुचकारत होते. साखराबाई दारातून बघत राहिल्या. नवरा इतका खुशीत त्यांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

दयानंदनं म्हशीच्या दातांच्या खुणांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वर पिवळा रंग मारला. खालचे पेंडीचे डाग वर दिसायला लागले. होडीला कावीळ झाली आणि ती बरी होत नाही, असा एकूण देखावा होता. मग डाग झाकायला लाल भडक रंग काढावा लागला. तो ओला असतानाच कोंबडी आपली नेहमीची जागा शोधत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मग पावलं झाकायला दयानंदनं प्रत्येक पावलाचं एक एक फूल केलं. फुलं झाल्यावर होडी इतकी नवी ट्रॉली दिसायला लागली की त्याचा हात सवयीनं पुढे गेला आणि त्यानं बाजूला सुरेख अक्षरांत लिहिलं, 'आई-वडिलांची कृपा'.

"आरं, कुनाचे आई-वडील?" साखराबाई ओरडल्या. "जावयाची होडी हाय ती!"

दयानंदनं निमूटपणे खोडून लिहिलं, 'सासू-सासऱ्यांची कृपा'. ग्यानोबांनी स्वतःच्या हातानं दोन्ही टोकांना शिंगांसारखा सोनेरी रंग दिला. त्यांच्या मनाला फार समाधान वाटलं.

जेवणाच्या दिवशी दोन्ही जावई आले. थोरले साहेबराव, अहमदपूरला खताचं दुकान. माणूस मनानं चांगला, पण धाकट्या साडूला आपल्यापेक्षा एक पापड जास्त वाढला तरी त्यांच्या ध्यानात येत असे. दोघांचे पाय धुतले, दोघांना सारखे कपडे, सारखा तांब्याचा तांब्या दिला. दोघेही नवे पांढरे शर्ट घालून बसले. तेवढ्यात हरिओमराव म्हणाले, "मामा, आमची कयाक कुठंय?"

ग्यानोबांनी गोठ्यात होडीवर टाकलेली चादर बाजूला केली. 'मायेनं रंगवली' हे वाक्य त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. ते बोलणार, तोच हरिओमराव मोठ्यानं वाचू लागले, "सासू-सासऱ्यांची कृपा... मामा! नवी घेतलीत? माझ्यासाठी?"

"आबा!" तनुजानं तोंडावर पदर धरला. तिचे डोळे भरून आले. हरिओमराव सासऱ्यांच्या पायाच पडले. ग्यानोबांनी पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पाठ केलेलं वाक्य घशातच राहिलं.

"वा," मागून साहेबराव म्हणाले. "यांला होडी, आन आमाला तांब्या. शिल्पा, पिशवी घे. निघू."

धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी उठला, तर पाहुण्यारावळ्यांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. 

"अहो साडूभाऊ, बसा," हरिओमराव मोठ्या मनानं म्हणाले. "माझी जुनी कयाक आहे ना, ती तुम्ही घ्या. मला नवी, तुम्हाला जुनी. देऊन टाका मामा त्यांना."

साहेबरावांनी विचार केला. "जुनी असली तरी होडी ती होडी. कुटं हाय?"

सगळे ग्यानोबांकडे बघायला लागले. "हाय," ग्यानोबा म्हणाले. मग गोठ्यात दुसरी होडी नाही हे सगळ्यांनाच दिसतंय असं लक्षात येऊन म्हणाले, "तळ्याकडं हाय. जेवल्यावर दाखवतो."

साहेबराव पाटावर बसले. पुरणाचे धोंडे, तूप, अनारसे, सगळं रग्गड जेवले. ग्यानोबांना घास गोड लागेना. साखराबाई वाढता वाढता कानाशी येऊन पुटपुटल्या, "तळ्याकडं काय दाखवनार हाव? बेडूक?"

जेवणं झाली आणि सगळी वरात शेततळ्यावर गेली. तळ्यात छातीभर पाणी होतं. साहेबराव काठावरच्या झुडपांत, पत्र्याआड, पाइपच्या भेंडोळ्यामागं आपली होडी शोधू लागले. हरिओमराव नव्या शर्टावर लातूरहून आणलेलं लाइफ जॅकेट चढवून लाल होडीत बसले आणि वल्हं मारत ऐटीत निघाले. सोनेरी टोक उन्हात असं चमकलं की ग्यानोबाही क्षणभर काळजी विसरले.

"मामा, कुटं हाय वो?" झुडपातून साहेबराव ओरडले.

"बघा तितंच," ग्यानोबा म्हणाले. त्यांनी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली.

देव धावला, पण भलत्याच बाजूनं. तळ्याच्या मध्यावर होडीच्या बाजूला एक मोठा फुगा आला. फुगा फुटला आणि रंगाचं साल लोंबायला लागलं. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर फुलं एकामागून एक पाण्यावर तरंगू लागली. अक्षरांतली आधी सासू गेली, पाठोपाठ सासरे गेले, थोडा वेळ नुसती कृपा उरली आणि मग तीही गेली. लाल साल एकीकडे वाहत चाललं होतं आणि त्याच्यातून कात टाकून पिवळी, खरवडलेली, डागाळलेली होडी बाहेर येत होती. कडेची लांबीही गळून पडली आणि म्हशीचे दात सगळ्यांना दिसले.

 हरिओमरावांनी वल्हं थांबवलं आणि खाली बघितलं.

"पाव्हणं!" ग्यानोबा काठावरून ओरडले. "नवी न्हाई ती. तुमचीच हाय. म्हशीनं चावली, मी पोती वाहिली, मीच साळली आन रंगवली. मला सांगायची लाज वाटली. तनुजाला काईबी ठावं न्हाई, तिला बोलू नका."

हरिओमरावांनी बोट कडेच्या दातांवरून फिरवलं. मग ते हसायला लागले. हसता हसता होडी डावीकडे कलली, उजवीकडे कलली आणि धोंड्याचा नारायण नव्या शर्टासकट पाण्यात गेला. तनुजाला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती दोन्ही करू लागली. तिनं आबांचे दोन्ही हात धरले. नखांत अजून सोनेरी रंग होता.

"आबा, येवढं खरडत बसलाव? फोन करायचा की मला!"

तेवढ्यात हसण्याची गडबड ऐकून साहेबराव झुडपातून बाहेर आले; आधीचं त्यांनी काही बघितलं-ऐकलं नव्हतं. हरिओमराव छातीभर पाण्यातून होडी ओढत काठाला आणत होते. त्यांनी सासऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि होडीचं टोक सरळ साडूच्या हातात दिलं.

"घ्या साडूभाऊ. मामा म्हणाले तसं तळ्यातच होती तुमची. नवी मला दिली, जुनी तुम्हाला."

साहेबरावांनी पाण्यावर तरंगणाऱ्या लाल सालपटांकडे बघितलं. होडीवर दोन-तीनदा बुक्की मारून बघितली. सकाळपासून चढलेल्या त्यांच्या भुवया पहिल्यांदाच खाली आल्या. ते सासऱ्याजवळ गेले आणि धाकट्याला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"मामा, थोरला म्हनून मला चांगली दिलीत बगा. त्यांची नवी तर एका पान्यातच गेली."