वानखेडेकाका आणि स्ट्रिंग

आमच्या शेजारचे वानखेडेकाका खिशात खडू ठेवतात. दुकानाबाहेरच्या फळ्यावर चुकीची वेलांटी दिसली की ती बोटानं पुसतात आणि बरोबर काढून देतात. गांधीबागेतल्या दोन कापडवाल्यांनी त्यांना हाकलून दिलंय. काकांना त्याचं काही नाही. "चुकलं त् दुरुस्त कराव," एवढंच म्हणतात.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. रिटायर झाल्यावर काकांना पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायची हुक्की आली आणि ते रोज संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे येऊ लागले. आकडेमोड चार दिवसांत उरकली. अडले ते स्ट्रिंगपाशी, म्हणजे अवतरणचिन्हांत लिहायच्या मजकुरापाशी. त्यांनी मुद्दाम 'नागपुर' लिहिलं आणि तेवढा एक उकार दीर्घ करायला गेले. एरर आली. पुन्हा केलं, पुन्हा तीच. मी सांगितलं, एकदा झालेली स्ट्रिंग बदलत नाही, नवी करावी लागते.

"काहून?"

भाषाच तशी आहे, म्हटलं. काका दोन दिवस फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी रिप्लेस, म्हणजे एका मजकुराजागी दुसरा घालायची आज्ञा शिकवली, तर नवीच तक्रार. "मी बदलवून राहिलो अन् हा जुनंच दाखवून राहिला." नवं वेगळं तयार होतं, जुन्याला धक्का लागत नाही, हे मी तीनदा समजावलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून 'वच्छला' टाइप केलं, त्याचं 'सुनीता' केलं, दोन्ही छापली आणि नुसते बघत बसले. सुनीता म्हणजे आमच्या काकू. वच्छला कोण, असं मी विचारलं.

तेही काकूंचंच, माहेरचं. लग्नात काकांच्या आईनं नवं नाव ठरवलं आणि काकांनी ते ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं. "तिले कोनी विचारलंच नाही," काका म्हणाले. "मीबी नाही."

आता विचारायचं होतं, पण एकट्याला धीर होईना. मला सोबत नेलं. काकू वांगी चिरत होत्या. काकांनी दारातूनच हाक मारली, "वच्छला."

विळीवरचा हात थांबला. काकूंनी वर पाहिलं नाही.

"तुले कोनतं नाव पाहिजे वं?" काकांनी विचारलं.

आपली आई गेल्यापासून या नावानं कोणी हाक मारली नव्हती, असं काकू हळूच म्हणाल्या. मग पदरानं हात पुसले.

"अजून एकडाव म्हना जी."