भिंतीपलीकडचा तास

गावातलं हट्टी म्हणून नावाजलेलं कुलूपसुद्धा कुलूपकाकांच्या हातात आलं की लाजत लाजत उघडायचं. मग नगरपालिकेच्या सदस्यांची मनं उघडायला असा कितीसा वेळ लागणार, असा काकांचा हिशेब होता! म्हणून सभेच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, मिशीला तेल लावलं आणि झोकात दुकान बंद केलं. किल्ली आतच राहिल्याचं कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं. पण चांगल्या कामाला निघताना असल्या बारीकसारीक गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

काकांचं दुकान आणि नगरपालिकेची शाळा यांच्यामध्ये एकच भिंत. पलीकडे गाण्याचा वर्ग. दुपारचा तास सुरू झाला, की गाण्याच्या बाईंचा आवाज त्या भिंतीतून ओलीसारखा झिरपत यायचा.

नदीबाई नदीबाई, हळू हळू चाल गं,
पल्याडच्या गावाला माझी हाक घाल गं.

मुलं ते घोकायची. काकांनी मात्र पल्याडचं गाव म्हणजे आपलंच दुकान अशी समजूत करून घेतली होती. एकट्या माणसाला तेवढीही पुरते. रस्त्यात बाई समोर आल्या, की काकांची जीभ गंजलेल्या कडीसारखी अडकायची. ‘नमस्कार’च्या पुढे गाडी कधी सरकली नाही.

आणि यंदाच्या अंदाजपत्रकात कलम आलं: गाण्याचा वर्ग पुलापलीकडच्या नव्या इमारतीत हलवावा. सत्तेतले म्हणत, हलवाच. विरोधातले म्हणत, एवढ्या पैशांत रस्त्याचे खड्डे बुजतील. महिनाभर घमासान चाललं होतं. काकांना त्यातलं एवढंच कळलं, की पुलापलीकडून आवाज येत नाही.

शेजारच्या चपलावाल्याने त्यांना बजावून पाठवलं होतं.

“तिथे मनातलं बोलू नकोस. अडचण बोल. अडचण त्यांना पटकन कळते.”

काका सभागृहात उभे राहिले तेव्हा लोकांच्या बाकांवर, पहिल्याच रांगेत, बाई बसलेल्या दिसल्या. पाठ केलेलं सगळं जागच्या जागी विरघळलं.

“साहेब,” काका कसेबसे म्हणाले, “माझं दुकान शाळेला लागून आहे. बाईंचा आवाज रोज माझ्या दुकानात येतो. तो सुरू झाला, की माझ्याच्याने काम होत नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कानात तोच असतो. रात्री झोप लागत नाही.”

‘म्हणून वर्ग इथेच राहू द्या’ हे त्यांना म्हणायचं होतं. पण अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले होते.

“बसा काका, बसा. किती सोसलंत हो तुम्ही.”

सभागृह हळहळलं. विरोधातल्या एका सदस्याला तर जागेवरच साक्षात्कार झाला: वर्ग हलवायचा कशाला? भिंतीला आवाज अडवणारा जाड थर लावा, स्वस्तात पडेल! नव्या इमारतीचा खर्च वाचला, खड्ड्यांचे पैसे वाचले, नागरिकाची तक्रारही मिटली. ज्या सभागृहाचं चहाच्या वेळेवरही कधी एकमत झालं नव्हतं, त्याने एकमुखाने ठराव मंजूर केला. बाई उठल्या आणि काकांकडे न बघता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आवाज मोजायचं यंत्र घेऊन दुकानात हजर. पलीकडे बाईंनी अपमान गिळून मुलांना इतकं हळू गायला लावलं होतं, की यंत्राचा काटा ढिम्म हलेना. काकांना वाटलं, देव पावला. ते पुन्हा पुन्हा सांगू लागले, की काही त्रास नाही, मुळीच नाही, थर नको. अधिकाऱ्याने त्यांच्या डबडबलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि सोबतच्या माणसाला बाजूला घेऊन सांगितलं, की म्हातारा कुणाच्या तरी दबावाखाली आहे, थर दुहेरी लावा.

थर लागला. दुपार व्हायची, तास भरायचा, आणि भिंत भिंतीसारखी उभी राहायची. काका तिला कान लावून बघायचे. स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू यायचे. नदी पलीकडे वाहत असणार, हाकही कुणी घालत असणार, पण पल्याडचं गाव बहिरं झालं होतं.

काही दिवसांनी बाई स्वतःच दुकानात आल्या. काका उठून उभे राहिले. आज खरं काय ते सांगून टाकायचंच, असं त्यांनी ठरवलं.

“काका, मी तुमच्यावर फार रागावले होते,” बाई म्हणाल्या. सगळं गाव म्हणतं तसंच त्याही काका म्हणाल्या, आणि ते नेमकं नको तिथे लागलं. “पण आता वर्गात काय शांत वाटतं! किल्ली घासताना तुमची ती कानस... मुलं दात आवळून बसायची, माझा तर सूरच हलायचा. तुमच्या पोटावर पाय कसा द्यायचा, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. परवा लक्षात आलं. तुम्ही सगळा दोष माझ्या आवाजावर ढकललात, पण ते केलंत माझ्यासाठीच ना?”

काकांची जीभ आज अडकली नाही.

“हो,” ते म्हणाले. “तुमच्यासाठीच.”

बाई हसल्या आणि गुणगुणत निघाल्या. कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं. पुढे रस्ता वळतो.

 काकांनी कानस उचलली आणि एक किल्ली मनसोक्त, करकरून घासली. पलीकडून कुणी काहीच म्हणालं नाही.