देवस्थळीकाका आणि फाटका झगा

देवस्थळीकाकांना फाटकं बघवत नाही. ब्रिस्टलच्या बसमध्ये समोरच्या पोराच्या जीन्सला गुडघ्यावर भोक दिसलं की यांचा हात खिशातल्या सुईदोऱ्याकडे जातो. मी तो हात धरून ठेवते. शेजारधर्म म्हणतात तो हाच. नोकरीभर विमानांची इंजिनं दुरुस्त केली, रिटायर झाल्यावर गल्लीतल्या छत्र्या, टोस्टर आणि माझे पडदे. "आण इकडे," हा त्यांचा मंत्र.

अशा माणसाच्या वरच्या खोलीत सई भाड्यानं राहायला आली. पुण्याची, इथे मास्टर्स करणारी आणि जपानी आयडॉल-संगीताची, म्हणजे नाचत गाणाऱ्या पोरींच्या ग्रुपांची, वेडी. फ्रॉक घालून गोड हसणाऱ्या आयडॉल नव्हेत, त्यांच्यातला बंडखोर पंथ. काळे फाटके झगे, चिंध्या झालेले मोजे, गुडघ्याला खोटं बँडेज, आणि गाता गाता किंचाळत स्टेजवर लोळायचं. सईनं मैत्रिणींबरोबर तसाच ग्रुप काढला. पहिल्या शोसाठी एक झगा अगदी मन लावून फाडला, धुतला आणि मागच्या दोरीवर वाळत घातला.

व्हायचं तेच झालं. शोच्या दिवशी दुपारी झगा इस्त्री करून तिच्या दारात हजर. एकही भोक नाही. रफू असं की भिंग घेऊन शोधावं.

सई मटकन जिन्यातच बसली. "काका, हे घालून काय शाळेच्या गॅदरिंगला जाऊ? सगळे हसतील मला."

काकांचा चेहरा पडला. जाऊन कात्री आणली. "कुठे फाडू, सांग," म्हणाले आणि स्वतःचेच टाके उसवायला बसले. मला तर बघवेना. सईलाही बघवलं नसावं.

"एका अटीवर माफ," ती म्हणाली. "गाणं चालू असताना फॅन्स आपल्या लाडक्या मुलीचं नाव ओरडतात. बाकीच्यांचे मित्र येणारेत. माझं इथे कोणी नाही. तुम्ही ओरडायचं."

हा माणूस हॉटेलात वेटरलासुद्धा हाक मारत नाही; तो बघेल तेव्हा बघेल म्हणून बसून राहतो. मी मनात म्हटलं, पोरीचं नशीबच फाटकं.

पबच्या मागच्या हॉलमध्ये एकेकीच्या नावाचा गजर झाला. अर्धवट उसवलेल्या झग्यातली सई पुढे आली आणि सगळे गप्प. तेवढ्यात माझ्या शेजारून "सई! अगं सई!" असा आवाज आला की माझा ज्यूस सांडला. प्रत्येक ओळीला तेच. शेवटी हॉलमधली गोरी पोरंही "अगं सई" ओरडायला लागली. तेच तिचं पूर्ण नाव असावं अशी त्यांची समजूत. सई आनंदानं ठरल्यापेक्षा जास्तच लोळली.

परतताना काकांचा घसा बसला होता. "एवढा आवाज कुठे दडवला होता?" मी विचारलं.

"तुझी सुमनकाकू वरच्या मजल्यावर असायची ना. चहा झाला की जिन्याखालून हाक मारायचो," ते म्हणाले. "ती गेल्यापासून घरात कुणाला हाकच मारली नव्हती गं."