उलट्याचं सुलट

नवऱ्याने नव्या बोर्डावर तारांच्या चारही जोड्या उलट्या क्रमाने काढल्यात, हे बायकोला बोर्ड हातात आल्यावर कळलं. दोघं एकाच कंपनीत. तो खालच्या मजल्यावर नेटवर्कचे बोर्ड बनवायचा, ती वरच्या मजल्यावर ते बोर्ड चालवणारे ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्राम, लिहायची. क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय, चिपला तो चालतो, असं त्याचं म्हणणं. मग मला कोणी सांगायचं, असं तिचं. शब्दाने शब्द वाढला आणि अबोला सुरू झाला.

दुपारी गिऱ्हाईक बाई बोर्ड बघायला येणार होत्या. बायकोला मात्र काळजी नव्हती. ड्रायव्हरमध्ये ‘क्रम उलटा’ अशी एक ओळ घातली की काम फत्ते. हा तर तिच्या हातचा मळ. ओळ घातली, ड्रायव्हर खालच्या बोर्डावर पाठवला आणि ती निवांत चहाला गेली. परत येऊन पाहते तर नेटवर्क बंद.

झालं होतं असं, की तिचं बोलणं नवऱ्याच्या मनाला लागलं होतं. तिला ओळसुद्धा लिहायला लागू नये म्हणून त्याने गुपचूप उलट्या जोडणीची केबल बनवून लावली होती. केबलने क्रम सुलट केला, तिच्या ओळीने तो पुन्हा उलटा केला. आपलंच चुकलं असं समजून तिने ओळ काढली. नेमकी तेव्हाच, आपलंच चुकलं असं समजून, त्याने साधी केबल लावली. बोर्डावरचा नेटवर्कचा दिवा लागेना. तिने ओळ परत घातली, त्याने उलटी केबल परत लावली.

दोघांचे साहेब, नेटवर्क का बंद हे विचारत, जिने चढून-उतरून घामाघूम झाले.

“खाली विचारलंत का?” तिने विचारलं.

“विचारलं. तो म्हणतो, वर विचारा.”

शेवटी तीच खाली उतरली. केबलच्या टोकाला तारांचे रंग पाहिले आणि सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला. तिने स्वतः साधी केबल लावली.

“आता तू हात खिशात घाल,” ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने घातले. हिरवा दिवा लागला आणि बाई दारातून आत आल्या. टेबलावर दोन केबली बघून त्यांनी कारण विचारलं. साहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगून टाकलं, की आमच्या बोर्डाला उलटी-सुलटी कुठलीही केबल चालते, तो आपोआप ओळखतो. बाई खूश झाल्या. त्यांची माणसं हाताला येईल तशा तारा जोडत. त्यांनी जागच्या जागी ऑर्डर दिली, आणि साहेब त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेले.

खोलीत दोघंच उरली.

“आपोआप ओळखतो?” ती म्हणाली.

“ते ड्रायव्हरचं काम,” तो म्हणाला. मग हिरव्या दिव्याकडे बघत उलटी केबल बोटाला गुंडाळू लागला.

“कसला विचार करतोयस?”

“साहेबांना उलटं टांगायचा.”

तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. “सविस्तर सांग,” ती म्हणाली.